अर्थ शेजारी लिहावा

जेलमध्ये पत्र कसं पाठवायचं, हे आमच्या घरात अण्णांनी जेवताना सांगितलं. ते मुलाखतीहून आले होते. पाय धुऊन पाटावर बसले आणि वरणभात कालवता कालवता, समोरच्या भिंतीकडे बघत, एकेक गोष्ट सांगू लागले. पत्त्यात दादाचं, म्हणजे वसंताचं, पूर्ण नाव हवं, त्यात वडील म्हणून अण्णांचं नाव आलंच, आणि नावापुढं कैदी नंबर. पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल तर पत्र आत जात नाही. आत नोट घालायची नाही, तिकीट घालायचं नाही, फोटो पाठवायचा तर आधी विचारायचं. कोर्टाविषयी, दुसऱ्या कैद्यांविषयी अवाक्षर नको. अक्षर वाचता येईल असं हवं. "पत्र फोडून वाचतात," अण्णा म्हणाले. "सगळं. साहेब वाचतात, शिक्का मारतात, मग त्याच्या हातात देतात. तेव्हा काय लिहायचं ते विचार करून लिहा." पत्रंही मोजकीच चालणार होती. पंधरवड्याला एक इनलँड, त्यातच तिघांनी लिहायचं. मग त्यांनी ताक मागितलं आणि ताक पिऊन झाल्यावर शेवटचं सांगितलं, "आणि माझ्या घरातल्या बायका त्या दारात रांगेत उभ्या राहणार नाहीत. मुलाखतीला मी जाईन." वहिनी भाकरी थापत होती. 'फोडून वाचतात' म्हटल्यावर तिचा हात परातीत थांबला होता, तो परत चालू झाला.

आम्ही नाशिक रोडला, नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. अण्णा प्रेसमध्ये होते. आमच्या घरापासून जेलची भिंत चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तरी आमचं पत्र आधी पोस्टात जायचं, तिथं शिक्का खायचं, थैलीत बसायचं आणि चार-पाच दिवसांनी त्या भिंतीच्या आत पोचायचं. आता माझा नातू परदेशातून फोनवर चेहरा दाखवून बोलतो आणि जेलातसुद्धा म्हणे अशा भेटी होतात. बरंच आहे. पण त्या निळसर कागदाची घडी उघडताना, कडा फाटू नये म्हणून जी सुरी हळूहळू फिरवावी लागायची, तिच्यात जेवढी वाट बघणं होतं तेवढं त्या फोनमध्ये मावत नाही असं मला वाटतं. अर्थात वाट बघण्यात सुख असतं असं मी म्हणणार नाही. माझी वाट तर निम्मी रागातच जायची.

दादा माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठा. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते, की मला आईची म्हणून जी आठवण आहे ती खरं तर दादाचीच आहे. माझी वेणी तो घालायचा. एक वेणी नेहमी वर आणि दुसरी खाली, आणि शाळेत मुली हसल्या तरी मी ती सोडून पुन्हा घालू द्यायचे नाही. ताप आला की तो खिचडी करायचा, पाणचट, हळद जास्त झालेली, आणि मला ती अजून कुठल्याही पक्वान्नापेक्षा आवडते. पुढं तो कांद्याच्या टेंपोवर ड्रायव्हर झाला. चांदवड, सटाणा, कधी पार मालेगावच्या पुढं जायचा आणि येताना माझ्यासाठी वर्तमानपत्रात बांधलेली शेव आणायचा. ती पुडी तो आधी माझ्या हातात द्यायचा, मग चपला काढायचा. हा क्रम मी सांगते आहे, कारण लग्नानंतर तो बदलला.

वहिनी सटाण्याकडची. नाव कमल. मला ती 'ताई' म्हणायची, वयानं मोठी असून, आणि 'तुम्ही' म्हणायची. मीही तिला 'तुम्ही'च म्हणायचे. तिचं 'तुम्ही' मानाचं होतं. माझं होतं ते अंतर राहावं म्हणून. दिसायला ती सावळी, उंच, बोलायला कमी. आमच्याशी शाळेत शिकलेली मराठी बोलायची, जपून, शब्द पुसून घेतल्यासारखी. पण दादाशी अहिराणी बोलायची. दादाला त्या भागात फिरून फिरून ती चांगली येत होती, आणि हे आम्हाला लग्नापर्यंत ठाऊकच नव्हतं. आतली खोली त्या दोघांना दिली आणि मी बाहेर अण्णांजवळ झोपायला आले. भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं ऐकू यायचं, 'शे', 'नही', 'काबरं', मधेच दादाचं हसणं. मला एकही वाक्य पुरतं कळायचं नाही. तो कशाला हसला हे कळलं असतं तर मला इतका जाच झाला नसता. ती डुबुकवड्या करायची. उकळत्या लालभडक रश्श्यात बेसनाचे गोळे एकेक सोडायचे, ते पडताना डुबुक आवाज करतात म्हणून तसं नाव. दादा ओट्याशी उभा राहून तो आवाज ऐकायचा, लहान पोरासारखा. एकदा म्हणाला, "सुमे, शिकून घे वहिनीकडून. आपली खिचडी म्हणजे दवाखान्यातली." चेष्टेनं म्हणाला. मी त्यानंतर कितीतरी दिवस स्वयंपाकघरात त्याच्यासमोर काही शिजवलं नाही.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा घोटीच्या बाजारात ती गोष्ट झाली. टेंपो वळवण्यावरून एका हमालाशी वाद, वादातून ढकलाढकली, आणि तो माणूस मागं पडला तो दगडी कट्ट्यावर. दादानंच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी तो गेला. कोर्टानं याला खून म्हटलं नाही, पण दादाच्या हातून माणूस गेला हेही सोडलं नाही. त्या माणसाच्या बायकोला मी कोर्टाच्या आवारात पाहिलं होतं. हातात रिकामी पिशवी घेऊन ती झाडाखाली बसलेली होती. दादाची शिक्षा ऐकून मी रडले, पण रडताना ती पिशवी डोळ्यांपुढून हलत नव्हती. आणि खरं सांगायचं तर घरी आल्यावर, वहिनीला आतल्या खोलीत एकटीला जाताना बघून मनात आलं की आता आम्ही दोघी सारख्या झालो. आता तो तिलाही नाही आणि मलाही नाही.

पण पत्रं सुरू झाली, आणि सारखेपणा संपला. आमच्या इनलँडवर वरचा भाग अण्णांचा. 'चिरंजीव वसंतास आशीर्वाद', तब्येतीची चौकशी, नियमानं वागण्याचा उपदेश. मधला भाग माझा. मी कॉलेजातलं लिहायचे, प्राणिशास्त्रात मार्क कमी पडले ते, बेडकाची चिरफाड करताना मैत्रीण कशी मटकन बसली ते. आतली घडी वहिनीची. ती बसायची मागच्या दारात, पाट मांडीवर घेऊन, आणि अहिराणीत लिहायची. अण्णा मी लिहिलेलं वाचायचे, तिचं वाचायचे नाहीत. सासऱ्यानं सुनेचं वाचू नये म्हणून, आणि कळतही नसे म्हणून. दादाचं उत्तर यायचं तेही तसंच. अण्णांना पाच ओळी, मला सहा-सात, 'अभ्यास कर, सायकल जपून चालव', आणि आतल्या घडीत तिला, बारीक अक्षरात, कडेपर्यंत, शेवटी कागद आडवा फिरवून समासातसुद्धा. मी त्या ओळी बोटानं मोजायचे. शब्द लागायचे, वाक्य लागायचं नाही. सासरी राहणाऱ्या पोरीला पत्र आल्यावर हसायची तरी लाज वाटावी, पण ती हसायची, पदर तोंडाला लावून, आणि मग दिवसभर तिच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा निराळा यायचा. मला तो आवाज सहन व्हायचा नाही. मी माझ्या सहा-सात ओळी पुन्हा काढून वाचायचे आणि त्यात काही राहून गेलंय का ते बघायचे. काही राहिलेलं नसायचं.

अशी काही पत्रं बिनबोभाट गेली, कारण जेलात पत्रं तपासणारे गृहस्थ मालेगावकडचे होते आणि त्यांना ती भाषा घरची होती. त्यांची बदली झाली. नवे साहेब आले ते दूरच्या जिल्ह्यातले. पुढच्या मुलाखतीहून अण्णा आले ते पाय न धुता, तसेच ओट्यापाशी जाऊन उभे राहिले.

"काय लिहिलंस तू त्याला?" त्यांनी विचारलं.

लग्नानंतर ते तिच्याशी सरळ असं पहिल्यांदाच बोलत होते. वहिनीनं पदर सावरला.

"पत्र अडवलंय. भाषा समजत नाही म्हणतात. आणि त्यात भोंगा, भोंगा असं तीनदा आलंय. सकाळचा भोंगा. ही कसली खूण आहे, याचा खुलासा करा म्हणाले. खुलासा होईपर्यंत त्याची पत्रं बंद. त्याला मिळणार नाहीत, त्याला पाठवता येणार नाहीत. मी तिथं मान खाली घालून उभा होतो."

"अण्णा, तसं काही नाही त्यात," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

तिनं ओटा पुसायला घेतला. अण्णा शांतपणे म्हणाले, "तू काही दिवस माहेरी जाऊन ये. तुझ्या वडिलांना कळवतो." त्या स्वरावरून काही दिवस म्हणजे दादा सुटेपर्यंत, हे मला कळलं आणि तिलाही. माझ्या मनात त्या क्षणी काय उमटलं ते लपवून काय करू? मला आनंद झाला. घर, मागचं दार, पत्राची आतली घडी, सगळं परत माझं होणार होतं. मी भांडी घासायला घेतली, म्हणजे कुणाला माझा चेहरा दिसू नये.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर गेल्यावर वहिनी लुगडं बदलून माझ्यासमोर आली. "ताई, मी जेलवर जाते. साहेबांना भेटते. तुम्ही येता का? मला एकटीला आत सोडतील का ते माहीत नाही."

"अण्णांनी नाही म्हटलंय."

"हो. म्हणून तर ते कामावर गेल्यावर मी निघाले."

मी गेले ते तिच्या सोबतीसाठी नाही. त्या पत्रात काय आहे ते मला ऐकायचं होतं. दारापाशी बायकांची रांग होती, कडेवर पोरं, हातात पिशव्या. हरसूलकडची एक म्हातारी आमच्याकडे बघून म्हणाली, "पयल्यांदा आल्या जणू. घाबरू नका, लय येळ लागतो, बाकी काय नाय." आणि सरकून तिनं आम्हाला सावलीत जागा दिली. खूप वेळानं आम्हाला एका खोलीत नेलं. टेबलावर पत्रांचे गठ्ठे, एक पाण्याचा तांब्या, आणि चष्मा लावलेले साहेब. त्यांनी नाव विचारलं, गठ्ठ्यातून आमचं इनलँड काढलं आणि सरळ केलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सुमन ना? प्राणिशास्त्राचं काय झालं?" मला कानापर्यंत गरम झालं. माझ्या ओळी यांनी वाचल्या होत्या. आणि त्या लक्षात राहिल्या होत्या.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी," वहिनी म्हणाली.

"बाई, कैद्याला आलेलं पत्र मला समजलंच पाहिजे. समजल्याशिवाय शिक्का मारता येत नाही. ही भाषा जाणणाऱ्याकडं पाठवलं तर महिने जातील. तेव्हा वाचून दाखव, आणि अर्थ सांग. सगळं."

खोलीत ते, दाराशी एक शिपाई आणि मी. वहिनीनं पत्र हातात घेतलं. मला वाटलं ती रडेल, म्हणेल की राहू द्या, मी माहेरी जाते. तिनं घसा साफ केला आणि वाचायला लागली. "भोंगा वाजना का मी मांगला दारमा उभी ऱ्हास. तुम्ही बी तठे उभा ऱ्हा. मंग आपुन एकच आवाज ऐकतस." मग मान वर न करता अर्थ सांगितला. सकाळी प्रेसचा भोंगा होतो. तो आमच्या घरी ऐकू येतो, तसा यांनाही आत ऐकू येत असणार. भोंगा झाला की मी मागच्या दारात उभी राहते. तुम्हीही तिकडं असाल तिथं थांबा. म्हणजे रोज एकदा आपण दोघं एकच आवाज ऐकतो. पुढं तिनं लिहिलं होतं, त्या वेळी माझ्या हातात काय असतं ते: एके दिवशी केरसुणी, एके दिवशी चहाचं आधण, एके दिवशी काहीच नाही. बस, एवढंच होतं ते पत्र. खूण नव्हती, बेत नव्हता. शिपायानं दाराबाहेर बघायला सुरुवात केली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तो भोंगा मी जन्मापासून ऐकत होते. त्या भोंग्याला दादा माझी दुसरी वेणी घालून संपवायचा. तो आमचा होता, माझा आणि त्याचा, आणि मला त्याचं असं काही करता येईल हे सुचलं नव्हतं. बेडकावर पानभर लिहिलं मी. तिला मागच्या दारात केरसुणी धरून उभं राहिलेलं पाहिलं होतं, कितीदा, आणि मनात म्हटलं होतं की कामचुकार आहे. त्या खोलीत मला तिचा जितका हेवा वाटला तितका लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता. तिच्याकडे भाषा होती म्हणून नव्हे. तिला काय लिहायचं ते कळत होतं म्हणून.

"यापुढं मराठीत लिहा," साहेब म्हणाले.

वहिनी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलली. "लिहिता येतं साहेब. पण मराठीत मी त्यांच्याशी कधी बोललेच नाही. मराठीत लिहिलं तर ते मी लिहिलंय असं त्यांना वाटायचं नाही."

साहेबांनी चष्मा परत लावला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं अक्षर चांगलं आहे. तुमचं अहिराणीत लिहा, आणि शेजारी हिनं मराठीत अर्थ लिहावा. ओळीला ओळ. खाली हिनं सही करायची, की अर्थ खरा आहे. मग मी वाचून सोडीन. चालेल?"

"चालेल," वहिनी म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

अण्णांना संध्याकाळी आम्ही सांगितलं. आधी फार चिडले, "कुणाला विचारून गेलात?" म्हणाले. मग वहिनीनं भोंग्याचं सांगितलं, अगदी हळू, ओट्याकडे तोंड करून. अण्णा खुर्चीवरून उठले आणि बाहेर जाऊन फाटकाशी उभे राहिले. माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही.

आणि मग आमचं ते लेखन सुरू झालं. पंधरवड्यातला एक रविवार, दुपारी, मागच्या दारात दोघी. कागद मधोमध उभा दुमडायचा, डावीकडे ती लिहायची, उजवीकडे मी. पण कागद तेवढाच. अण्णांच्या चार ओळी गेल्या, तिचं गेलं, तिच्या लिहिण्याचा अर्थ गेला, की माझ्यासाठी जागाच उरायची नाही. भावाला माझ्या हातचं अर्धं पान जायचं आणि त्यात माझा एक शब्द नसायचा. मी हे बोलून दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाली, "मी कमी लिहिते ना, ताई." कमी लिहिलं तिनं, एकदा. पुढच्या वेळी पुन्हा समासापर्यंत आली.

शब्दांवरून आमची भांडणं व्हायची. एकदा तिनं लिहिलं, 'मन्हा जीव थारावर नही.' मी शेजारी लिहायला घेतलं, 'मला करमत नाही.'

"तसं नाही ते," ती म्हणाली. "करमत नाही म्हणजे सुट्टीत दुपारी करमत नाही तसं."

"मग काय लिहू?"

"जीव थाऱ्यावर नाही, असंच लिहा. आहे तर मराठीत."

"साहेब वाचणार आहेत, वहिनी."

"वाचू द्या. त्यांच्यासाठी थोडंच लिहिलंय."

मी लिहिलं. खाली सही केली, की हा अर्थ खरा आहे. जिच्या एकेका ओळीवर माझा जळफळाट व्हायचा तिची प्रत्येक ओळ मी सुवाच्य अक्षरात, काना-मात्रा न चुकता भावापर्यंत पोचवत होते, आणि खोटा अर्थ लिहावा असं मनात येऊनसुद्धा हात तसा वळत नव्हता. ते माझ्या चांगुलपणामुळं होतं असं मला वाटत नाही. तिचं बघून एव्हाना मला कळायला लागलं होतं की एक शब्द बदलला तर तिकडं तो ओळखेल. ती भाषा अशी माझ्यात शिरली, रागाच्या वाटेनं. वर्ष-दोन वर्षांत मला तिनं बोलण्याआधी वाक्य कळायला लागलं. दादाचीही उत्तरं आता ओळीला ओळ अशीच यायची, डावीकडे अहिराणी, उजवीकडे त्याच्या वाकड्या अक्षरात मराठी. उजवीकडचं मी वाचतच नसे.

चांगल्या वागणुकीची सूट मिळून दादा लवकर सुटला. त्या सकाळी आम्ही तिघं गेलो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि या वेळी बायकांनी यावं की नाही हे बोलले नाहीत. छोट्या दारातून तो वाकून बाहेर आला. केस पांढरे झाले होते, कानावरचे. अण्णांच्या पायाशी वाकला, त्यांनी त्याला धरूनच ठेवलं. वहिनी पुढं गेली नाही. तिनं फक्त त्याच्या हातातली वळकटी घेतली, आणि ती छातीशी धरून अण्णांबरोबर चालायला लागली. तिला काही घाई नव्हती. त्याच्याशी बोलायला तिच्याजवळ आता आयुष्य होतं.

मी आणि दादा मागं राहिलो. तो माझ्याकडे बघत होता, मला ओळखून घेत असल्यासारखा. मग म्हणाला, "कितली मोठी हुई गई व तू."

तो अहिराणीत बोलला हे त्याला कळलं नाही. मलाही मागाहून कळलं. मी लगेच म्हणाले, "आनि तू कितला वाळी गया, दादा. तठे जेवाले देत नव्हतात का?" तो हसला. भिंतीपलीकडून ऐकू यायचं तेच हसणं. रस्त्यात उभा राहून, कमरेवर हात ठेवून हसला, आणि मग माझ्याशी बोलतच सुटला, आत कोण कोण होते, विणकाम कसं शिकला, साहेब बेडकाचं अजून विचारतात, सगळं त्याच भाषेत, आणि मी त्याला एकेका गोष्टीला उत्तर देत होते.

पुढं चालणारी वहिनी थांबली. वळून तिनं आमच्याकडे पाहिलं. वळकटी अण्णांच्या हातात दिली, पदर खोचला, आणि मागं येऊन आमच्या दोघांच्या मधून चालायला लागली.